मुद्देमाल

मेणवलीच्या घाटावर या आठवड्यात बिहार आहे.
पाट्या हिंदीत, पिंपळाच्या बुंध्याला गेरू,
सोसायटीच्या जुन्या गोदामावर पिवळ्या अक्षरात 'कोतवाली'.
रंग अजून ओला. माझ्या कोपराला लागला.

मला आणलं जेवणाच्या कंत्राटवाल्या पोरानं.
"हे आमचे पिसाळ आण्णा. खरे पोलीस. चौतीस वर्षं.
वाई, मेढा, पाचगणी, परत वाई."
डायरेक्टर वाकून पाया पडला.
ड्रेसवाल्यानं दिलेली खाकी पोटावर बसेना,
मग मागून उसवून चार सेफ्टी पिना लावल्या.
समोरून काही कळत नाही, म्हणाला.

गोष्ट अशी, की सिनेमातल्या नट्या मरतात,
एकामागून एक तीन,
आणि तपास कुठं पोचत नाही.
पोचत नाही का पोचू देत नाहीत, ते इंटरव्हलनंतर.
मी विचारलं, खरं घडलेलं आहे का?
छे आण्णा, काल्पनिक. सुरुवातीला तशी पाटी टाकणार.

त्र्याऐंशी साली,
टेबललँडच्या खालच्या अंगाला, पारशाच्या बंगल्यात,
मधुवंती न्हाणीत सापडली.
तिचा सिनेमा मी दोनदा बघितला होता,
दुसऱ्यांदा बायकोला घेऊन.
न्हाणीत ती माझ्या बायकोएवढीच होती. उंचीनं.
पंच दोन : एक माळी, एक घोडेवाला.
अक्षर चांगलं म्हणून पंचनामा माझ्याकडं.
कपबशी एक, कान तुटलेली.
सोन्याची कुडी एक, जोडीची मिळून आली नाही.
टॉवेल एक, ओला.
पुरुषी घड्याळ एक,
पट्टा तुटलेला, काटे चार वाजून दहा मिनिटांवर बंद.

चौथ्या ओळीवर साहेबांनी बोट ठेवलं.
नख स्वच्छ कापलेलं, हे उगाच लक्षात राहिलं.
"कागद नवा घे पिसाळ. खाडाखोड नको."
मी नवा घेतला. कार्बन नवा घेतला.
घोडेवाल्यानं परत अंगठा दिला,
बोट धोतराला पुसलं आणि घोड्याकडं गेला,
बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.
पुढच्या दिवाळीत आमच्या पत्र्याच्या जागी स्लॅब पडला.
गळती थांबली. बायकोनं विचारलं नाही.
ती गेली तेव्हाही नाही.

आर्टवाल्या पोरीला मुद्देमाल कसा बांधतात ते हवं होतं.
दाखवलं. सुतळी आडवी, मग उभी,
गाठीवर लाख, लाखेवर पितळी शिक्का,
लेबलावर गुन्हा रजिस्टर नंबर, पंचांच्या सह्या.
लाखेचा वास गोदामभर झाला.
मी जरा बाहेर जाऊन नदीकडं बघत उभा राहिलो.

परत आलो तर टेबल मांडलेलं :
लिपस्टिक, एका पायातली सँडल, पर्स.
आणि पुरुषी घड्याळ.

"हे कुणी सांगितलं तुला?"
"कुणी नाही आण्णा. उजवीकडं टेबल मोकळं वाटत होतं."

मला एकच ओळ. तीन दिवस पाठ केली होती :
साहब, तीन ही सामान मिला.
वही घेऊन बसलेला चष्मेवाला ओरडला,
"डायलॉगमध्ये तीन आहेत, टेबलावर चार! आण्णा,
तुम्हीच उचला ना त्यातलं एक. कुठलंही चालेल."

कुठलंही.
सँडल माझ्या हाताशी होती,
पर्स तर कडेलाच.

पहिलाच टेक ओके.
काय नॅचरल, काय नॅचरल, म्हणत डायरेक्टरनं मिठी मारली,
तेव्हा एक पीन पाठीत टोचली.
साहेब झालेला नट म्हणाला, तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही, ते फार भारी.

दिवेलागणीला पिना काढत बसलो होतो.
ती पोरगी यादी घेऊन आली, सामान मोजत.
"आण्णा, एक घड्याळ लागेना.
तुम्ही कुठं ठेवलंत?"

खाकीच्या खिशात हात घातला.
चालू होतं.